सातवा हिस्सा

आप्पा,

तुमच्याशी भांडणं मी कधीच सोडून दिलं होतं. गेलेल्या माणसाशी किती वर्षं भांडणार? पण गेले चार महिने कामावरून सुटून अंबरनाथहून बदलापूरला घरी येताना मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, म्हणून म्हटलं एकदा कागदावर उतरवावं. दादा म्हणतो, पृथ्वी सपाट आहे. हसू नका. मी हसले होते आणि तीच माझी पहिली चूक झाली. आपला दादा, तुमचा थोरला, ज्याला तुम्ही सायकलचं चाक उघडून बॉल बेअरिंग दाखवली होतीत, तो आता बावन्न वर्षांचा आहे आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून मला सांगतो की शाळेत शिकवलं ते सगळं झूठ. तेही मी एक वेळ सोसलं असतं. पण त्यानं साक्षीदार म्हणून तुम्हालाच उभं केलं आहे आणि तुम्ही उठून काही बोलू शकत नाही.

दादा असा नव्हता. घरातला पंखा बंद पडला तर आधी स्वतः उघडून बघणारा, मग मिस्त्रीला बोलावणारा. कॅम्प पाचच्या वस्तीत जीन्स धुवायच्या कारखान्यात तो बावीस वर्षं सुपरवायझर होता. हाताला निळा रंग इतका मुरलेला की वहिनी म्हणायची, भाकरी निळी होईल. कारखाना बंद होणार अशी कुजबुज होती, पण शेठ शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होता, "भाऊ, टेन्शन मत लो, मैं बैठा हूँ ना." दुसऱ्या दिवशी दादा डबा घेऊन गेला तर शटरला कुलूप. त्यानंतर तो घरीच बसला. दाढी वाढली, आंघोळीला दुपार व्हायला लागली, आणि हातात मोबाइल आला. "मला आता कोणी येडा नाय बनवू शकत," हे त्याचं नवीन वाक्य. ते ऐकलं की मला राग येत नाही. कारण त्याला बनवलं गेलं होतं हे खरंच आहे. फक्त बनवणारा माणूस भूगोलाचा मास्तर नव्हता.

दिवाळीनंतर एका रविवारी मी मुद्दाम त्याच्याकडे गेले. आपलंच घर ते, फक्त आता वर स्लॅब आहे आणि मोरीला टाइल्स. वहिनीनं चहा टाकला. मी तयारी करून गेले होते, परीक्षेला जावं तशी. म्हटलं, "दादा, लहानपणी समुद्रावर गेलो होतो तेव्हा जहाज लांब जाताना आधी खालचा भाग बुडाला, मग वरचा. सपाट असतं तर ते नुसतं लहान लहान होत गेलं नसतं का?"

"प्रकाश वाकतो," दादा म्हणाला.

"आणि सूर्य मावळतो तो?"

"तो मावळत नाय. लांब जातो. प्रकाश वाकतो म्हणून आपल्याला खाली गेल्यासारखा दिसतो."

"मग आपल्याकडे दिवस असताना अर्ध्या दुनियेत रात्र कशी?"

"तेच तर सांगतोय ना तुला! लाइट बेंड होती है. व्हिडिओ पाठवलाय, तू बघतच नाय."

तुम्हाला ठाऊक नाही, पण मी एका कंपनीत तपासणी खात्यात आहे. दिवसभर गेज लावून लोखंडाचे तुकडे मोजते. एका केसाचा फरक पडला तरी माल परत पाठवते. माझं पोटच 'किती' या शब्दावर चालतं. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर आकृती काढली. सपाट रेघ, तिच्यावर जहाज, या टोकाला दादाचा डोळा. म्हटलं, "हे बघ, सपाट जमिनीवर जहाजाचा खालचा भाग दिसेनासा व्हायचा असेल तर प्रकाश वर, आभाळाकडे वळायला पाहिजे. खरा प्रकाश हवेतून जाताना बहुतेक वेळा खाली, जमिनीकडे झुकतो. म्हणजे लपलेलं उलट थोडंसं दिसायला लागतं. तुझा प्रकाश कुणीकडे वाकतो? आणि किती?"

तो आकृतीकडे बघत राहिला. खूप वेळ बघितलं त्यानं, खोटं का बोलू. मग म्हणाला, "उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं, ते कसं? तिथे वर वाकतो ना?"

आता काय सांगू? वाकतो तिथे वर. तापलेल्या जमिनीलगत वाकतो. तुम्हीच सांगायचात की मोजणीच्या कामावर दुपारी बाराला दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे नाचताना दिसतात, मग साहेब मशीन झाकून ठेवतात. मी म्हटलं, "हो, कधीकधी, पण..." आणि तो खुर्चीत मागे रेलला. खरं बोलणाऱ्याला 'कधीकधी' म्हणावंच लागतं आणि दादाला तेवढा एक 'कधीकधी' पुरतो. मी विचारलं, कधी असा आणि कधी तसा वाकतो ते कशावरून ठरतं? तर म्हणाला, "तेच तर सांगत नाय ना ते लोक आपल्याला!" मी विचारलं, मग तुझं चुकलं असं तू केव्हा मानशील, काय दिसलं म्हणजे? यावर तो चिडला. "आप्पा काय शिकवायचे? विहारातून आल्यावर रोज काय सांगायचे? ऐकलं म्हणून घ्यायचं नाय, तपासून घ्यायचं. मी तपासतोय तर तुला मिरच्या लागतायत." आप्पा, तुमचंच वाक्य होतं ते. माझ्याच थोबाडीत बसलं.

त्या दिवशी परतताना मला जांभूळ गावचा दिवस आठवत होता. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, तुमच्यासाठी ते रोजचंच होतं. आई शेठाणीकडे पापड लाटायला गेली आहे, शाळेला सुट्टी, घरी आम्हाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून तुम्ही आम्हा दोघांना कामावर घेऊन गेला आहात. पाण्याची नवी पाइपलाइन टाकायची आहे. तीन पायांच्या स्टँडवर ती लेव्हलची दुर्बीण, तिच्यामागे साहेब, आणि लांब शेताच्या बांधावर तुम्ही, आकडे रंगवलेली चौदा फुटी लाकडी पट्टी सरळ धरून. तुमची सगळी नोकरी त्या पट्टीमागे गेली. साहेब बरे होते, त्यांनी मला खोक्यावर उभं करून दुर्बिणीतून बघायला दिलं. आणि तुम्ही उलटे! डोकं खाली, पाय वर, पट्टी आभाळातून लोंबतेय. मी "आप्पा पडले" म्हणून भोकाड पसरलं. दादा पुढे झाला, त्यानं बघितलं आणि तो हसत सुटला. त्यानं हात हलवला. तुम्हीही हलवलात. तो म्हणाला, "उलटे आप्पा टाटा करतायत!" जेवायच्या सुट्टीत झाडाखाली डबा सोडताना तुम्ही म्हणालात, "काचेत उलटा दिसलो म्हणून मी उलटा झालो काय गं बाय? काच कशी हाय ते आधी समजून घ्यायचं, मग दिसतंय त्याबद्दल बोलायचं." दादा तेव्हा माझ्या शेजारीच भाकरी खात होता. त्यानं हे ऐकलं होतं. मग ते त्याच्यातून कुठे सांडलं?

त्याच झाडाखाली तुम्ही आम्हाला मधलं मशीन समजावलंत. दुर्बीण नेहमी दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये लावायची. मागची पट्टी जेवढी दूर, तेवढीच पुढची. म्हणजे पृथ्वीच्या गोलाव्यामुळे आणि प्रकाशाच्या वाकण्यामुळे जी चूक येते ती दोन्हीकडे सारखीच येते आणि वजाबाकीत उडून जाते. चौथीपर्यंत शिकलेला माणूस हे सांगत होता आणि साहेब कान देऊन ऐकत होते. दिवाळीनंतर दादाकडे जाताना मी मनात म्हटलं होतं, आपणही त्याच्याशी बोलताना मध्ये उभं राहू. ना त्याच्या बाजूला, ना आपल्या. पण मध्य काढायला दोन्ही टोकं एका जागी थांबावी लागतात. दादाचं टोक रोज नव्या व्हिडिओनं सरकतं.

मग मला चिंचोका आठवला. आपलं स्वयंपाकघर, संध्याकाळ, आई अजून यायची आहे. तुम्ही स्टीलच्या डब्याच्या तळाला चिंचोका ठेवता आणि मला मागे सरकायला सांगता, काठाआड चिंचोका दिसेनासा होईपर्यंत. "हलू नको." मग तुम्ही तांब्यानं हळूहळू पाणी ओतता आणि बसल्या जागी, मी न हलता, तळाचा चिंचोका वर आल्यासारखा पुन्हा दिसतो. मी टाळ्या पिटते. तुम्ही म्हणता, "प्रकाश वाकला. पण वाकून त्यानं काय केलं? लपवलं का दाखवलं?" दाखवलं, मी म्हणते. "मग नुस्तं वाकतो असं बोलायचं नाय. किती नि कुणीकडं, ते बोल."

गेल्या महिन्यात मी वहिनीकडून तोच डबा मागून घेतला. तोच आहे अजून, बुडाला पोचा आलेला. दादाला खाली बसवलं. तो कुरकुरत बसला. पाणी ओतलं, चिंचोका वर आला आणि दादाचा चेहरा, काय सांगू, असा उजळला. "अरे! आप्पा करायचे हे!" वहिनीला हाका मारून बोलावलं त्यानं, तिलाही बसवलं, पुन्हा पाणी ओतलं. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या फरशीवर लहान होतो. मी म्हणणारच होते, बघ, वाकून दाखवतो तो, लपवत नाही. तेवढ्यात दादानंच मांडीवर थाप मारली. "वाकला की नाय? आं? इतके महिने मी काय बोंबलतोय?"

"अरे, दाखवायला वाकला, लपवायला नाही."

"ह्या टायमाला," दादा म्हणाला.

झालं. माझाच पुरावा, माझाच डबा आणि माझीच विकेट. मी पाणी मोरीत ओतून दिलं. आणि तिथेच, ओल्या फरशीवर बसल्या बसल्या, त्यानं वही मागितली.

आई गेल्यावर तुमची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली, त्यात तुमची ती खाकी पुठ्ठ्याची वही होती. साहेब कामावर जे बोलायचे ते तुम्ही लक्षात ठेवून घरी वहीत घ्यायचात, खलाशाच्या, म्हणजे पट्टी धरणाऱ्याच्या, वरच्या जागेसाठी खात्याची परीक्षा द्यायची होती म्हणून. दादाला ती वही आईच्या दिवसकार्याच्या वेळी दिसली होती. आता त्याला ती हवी होती, कारण त्याच्या त्या मोबाइलवरच्या मंडळींची रविवारी सभा असते आणि तिथे त्याला ती सगळ्यांना दाखवायची होती. "त्यात लिवलंय, मी वाचलंय. प्रकाश वाकतो. गव्हर्मेंटच्या सर्वेवाल्यांना पन माहीत होतं." मी नाही म्हटलं. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "जिंदगीभर दुसऱ्याच्या मशीनसमोर पट्टी धरून उभा राहिला माणूस. इतकी पाइपलाइन टाकली, एका कागदावर नाव नाय आप्पांचं. माझ्यामुळे पाचशे लोक त्यांचं नाव ऐकतील तर तुझं काय जातं?" मग खाली बघत, "नसेल द्यायची तर नको देऊ. मग येत पन नको जाऊस."

हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. पण तो नुसता थकलेला होता. आईच्या नि तुमच्या घरातलं आता माझं तेवढंच एक माणूस उरलं आहे, आप्पा. तुम्ही उलटे कसे दिसलात हे जगात फक्त त्याला आणि मलाच माहीत आहे. पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेले.

त्यानं हात धुतले, पुसले आणि वही घेतली. पान त्याला पाठ होतं. उघडलं आणि कपाळाला लावलं. "प्रकाश वाकतो. सातवा हिस्सा," त्यानं मोठ्यानं वाचलं, त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बघ ना, आप्पांचं अक्षर. किती जपून लिवलंय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी मला दारापाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, राहू द्या. दीड वर्षानं हे सकाळी उठून दाढी करून बसलेत."

ते अक्षर तुमचं नाही. ते माझं आहे. तुम्हाला आकडे डोळे झाकून यायचे, सही यायची, पण वाक्य लिहायला बसलात की हात अडखळायचा आणि कपाळाला घाम यायचा. म्हणून आई यायच्या आत, दादा मैदानावर असताना, तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. पाचवीत होते मी. "दादाला बोलू नको हां बाय," तुम्ही म्हणाला होतात. "त्याला वाटतं बापाला सगळं येतं." ती परीक्षा तुम्ही दिलीच नाहीत. का, ते मला तेव्हाही कळलं होतं आणि मी कोणाला बोलले नाही. चाळीस वर्षं पाळलेला शब्द आता मोडायचा कसा? आणि मोडून दादाला काय देऊ? त्याची नोकरी गेली, त्याचा विश्वास गेला, आता बापाचं अक्षरही काढून घेऊ?

परवाची सभा मी मोबाइलवर बघितली. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, मागे भिंतीवर तुमचा फोटो, त्याला नवा हार. "मेरे फादर वॉटर वर्क्स में सर्वे ऑफिसर थे," तो म्हणाला. ऑफिसर! "उन्होंने अपने हाथ से लिखा है." वही कॅमेऱ्यासमोर धरली, दोन्ही हातांनी, अगदी सरळ, जराही न हलवता. तुम्ही पट्टी धरायचात तशीच. खाली लोक हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. एकानंही विचारलं नाही, किती वाकतो, कुणीकडे वाकतो. मी तो प्रश्न टाइप केला. 'किती आणि कुणीकडे?' एवढंच. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं, मग एक एक अक्षर पुसलं. एवढ्या लोकांसमोर तो माझं नाव वाचेल, त्याचा चेहरा पडेल, ते मला बघवलं नसतं. आणि एक कबूल करते, 'ऑफिसर' ऐकून मला बरं वाटलं. खोटं होतं तरी बरं वाटलं.

तुमचं पूर्ण वाक्य मला पाठ आहे. त्या संध्याकाळी तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात आणि मला नीट कळावं म्हणून बोटांनी दाखवत होतात. किलोमीटरभर लांब पट्टी धरली तर पृथ्वी गोल असल्यामुळे चार बोटं खाते, आणि प्रकाश वाकतो म्हणून त्यातलं अर्धं बोट परत मिळतं. मग तुम्ही वहीत घ्यायला सांगितलंत, सावकाश, एक एक शब्द सुटा करून: "पृथ्वी गोल हाय म्हणून जेवढं खाते, त्याचा सातवा हिस्सा प्रकाश वाकून परत देतो." पृथ्वी गोल आहे, हे त्या वाक्यात सगळ्यात आधी आहे. त्याच्याशिवाय सातवा हिस्सा कशाचा? पण हे वाक्य फक्त माझ्या कानात आहे. कागदावर आहे ते दादाच्या हातात आहे.

हे पत्र त्या वहीतच ठेवलं असतं, पण वही आता माझ्याकडे नाही. कंपनीतल्या माझ्या खणात, गेजच्या पेटीखाली राहील. दादाला मी काही सांगणार नाही, सांगायचं धाडस नाही. तुम्हालाच सांगते.

त्या संध्याकाळी बाहेर मैत्रिणी लंगडी खेळायला बोलावत होत्या. तुमचं वाक्य लांबलचक होतं आणि मला पळायचं होतं. मी चारच शब्द लिहिले: प्रकाश वाकतो, सातवा हिस्सा. चप्पल घालत असताना तुम्ही मागून विचारलंत, "बाय, सगळं लिवलंस ना?" आणि वही मिटून मी हो म्हणाले.